कवळीमास्तरांची गुलाबी डबी

“शी!” हा कवळीमास्तरांचा दिवसातला पहिला शब्द असे, आणि बहुधा शेवटचाही. चहावर साय धरली, शी. शेजाऱ्याने जिन्यात चपला काढल्या, शी. टीव्हीवर कोणी दात दाखवून हसलं, तर दोनदा शी. पण माणसाला दोष तरी कसा द्यायचा? दंतवैद्यांकडून येणाऱ्या ठशांवरून कवळ्या बनवण्यात त्यांची बेचाळीस वर्षं गेली होती, आणि लोकांच्या तोंडात काय काय दडलेलं असतं हे इतक्या जवळून पाहिल्यावर कोणाचंही नाक मुरडलेलंच राहील. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. तिथे प्लास्टरची भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास, फळीवर ओळीने मांडलेले बिनमाणसांचे जबडे, आणि त्या जबड्यांच्या मधोमध त्यांचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोक घरबसल्या दूरवर बोलतात तसला, सेट.

या सेटवर मास्तर दर रविवारी सकाळी दहा वाजता ढगोबाशी बोलत. ढगोबा म्हणजे हवामानखात्यातला निवृत्त निरीक्षक, दिवसभराच्या प्रवासावर राहणारा. दोघे प्रत्यक्षात दोनदाच भेटले होते आणि दोन्ही वेळा भांडून परतले होते. रेडिओवर मात्र एकतीस वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. बोलायचे बहुतेक मास्तरच. शहराची, दंतवैद्यांची, हल्लीच्या दातांची यथासांग निंदा व्हायची आणि ढगोबा पलीकडून हुं हुं करायचा. त्याने जन्मभर पाऊस मोजला होता, त्यामुळे मोजल्याशिवाय त्याला राहवत नसे. निरोप घेताना तो सांगायचा, “कवळ्या, आज एकोणीस वेळा शी.”

“शी, काय हा चोंबडेपणा!” मास्तर खेकसायचे.

“वीस,” म्हणून ढगोबा सेट बंद करायचा.

मग ढगोबाला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. दोन महिन्यांनी त्याच्या लेकीचं पाकीट आलं. आतला कागद त्याने स्वतः, डाव्या हाताच्या एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप केला होता. “फोनवर लोक कीव करतात. रेडिओवर ये. मी टाइप करीन, ते तुझ्या कॉम्प्युटरवर उमटेल. लेकीने माझ्याकडचं जोडून दिलंय. रविवारी दहाला, नेहमीच्याच जागी. चार रविवार वाट बघतो. नाहीच जमलं तर सेट देऊन टाकतो. खोलीत जागा अडते.”

कागद वाचून मास्तरांनी तो मेणाच्या डब्याखाली सरकवला. रेडिओला कॉम्प्युटर जोडणाऱ्या जमातीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. क्लबच्या सेक्रेटरीने मागे एकदा कौतुकाने दाखवलं होतं. पडद्यावर रेघा उतरत होत्या, याच्या कॉम्प्युटरने त्याच्या कॉम्प्युटरला नमस्कार घातला, त्याने उलट घातला, आणि सेक्रेटरी खुर्चीत ढेकर देत बसला होता. “यात बोललं कोण?” मास्तरांनी विचारलं होतं. सेक्रेटरी म्हणाला, “बोलायचं कशाला? संपर्क झाला ना!” त्या संध्याकाळी मास्तर क्लबातून उठले ते पुन्हा गेले नव्हते.

आता त्याच सेक्रेटरीला फोन करणं आलं. पडतं घेतलं त्यांनी. ढगोबाची पद्धत जरा बरी आहे, असं कळलं. यात एकेक अक्षर टाइप होईल तसं सूर होऊन रेडिओवरून जातं आणि पलीकडे उमटतं, खोडलेलं अक्षरसुद्धा पलीकडे डोळ्यांदेखत खोडलं जातं. सेटचा माईक मात्र मास्तरांनी काढून खणात टाकून दिला. मुक्या माणसाशी माईकवर बोलायचं म्हणजे त्याला वाकुल्या दाखवल्यासारखंच, असं त्यांना वाटलं. तो टाइप करणार, तर आपणही टाइप करायचं.

भाच्याने टाकून दिलेला एक लॅपटॉप माळ्यावर होता. त्याच्या कळांच्या फटीत भाच्याचे केस, बिस्किटांचा चुरा आणि एक नखाचा तुकडा निघाला. मास्तरांनी तो कवळ्या घासायच्या ब्रशने साफ केला आणि ब्रश फेकून दिला. पहिला रविवार यातच गेला. दुसऱ्या रविवारी सेटची वायर लॅपटॉपला थेट जोडली तर नुसती घूं घूं अशी घरघर, पडद्यावर अक्षरांचा चिखल. सेक्रेटरी म्हणाला, बाजारात तयार डबी मिळते, ती मधे बसवा. मास्तर म्हणाले, “बाजारची डबी? शी! बाजारची कवळी कुणाच्या तोंडात बसलीय का आजवर?”

आणि त्यांनी स्वतः डबी केली. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर बसवले, त्यांनी घरघर थांबली. लॅपटॉपमधून आवाज आला की डबी आपोआप सेटचं बटण दाबी. मग सेटचं ऐकणं बंद होई, बोलणं सुरू होई आणि डबीतला लाल दिवा लागे. वरचं कवच मात्र त्यांनी हाताशी होतं त्यातूनच ओतलं, कवळीच्या गुलाबी मसाल्यातून. काम सुबक झालं, कड गुळगुळीत, चकाकी पहिल्या प्रतीची. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

“अगंबाई, हे काय? कुणाची हिरडी उपटून आणलीत?”

“डबी आहे ती.”

“ती माझ्या डोळ्यांपुढे ठेवू नका म्हणजे झालं. मळमळतं मला.”

ही बाई तीस वर्षं जबड्यांच्या फळीवरची धूळ पुसत आलेली, आणि तिला डबीने मळमळलं. मास्तरांनी डबी लॅपटॉपच्या मागे सरकवली, म्हणजे आता ती त्यांनाही दिसेना.

तिसऱ्या रविवारी आवाज जास्त सोडला गेला. यात लॅपटॉपचा आवाज इतका मंद ठेवायचा असतो की मीटरचा काटा नुसता जागचा हलू पाहील. मास्तरांनी काटा निम्म्यावर नेऊन ठेवला. त्यांची टाइप केलेली अक्षरं फाटली, आजूबाजूला रेडिओवर असलेल्या सगळ्यांच्या बोलण्यात सांडली, आणि पाच मिनिटांत सेक्रेटरीचा फोन आला, “मास्तर, आवरा! लोक शिव्या घालतायत.” त्या दिवशी पडद्यावर ढगोबाचं एक अक्षर दिसलं नाही.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी बायको बहिणीकडे गेली होती. कुरकुर ऐकायला कोणी नसलं की मास्तर चक्क गप्प असत. त्या शांत घरात त्यांनी आवाज बसवला, काटा बसवला, सेक्रेटरीशी टाइप करून चार ओळी बोलून पाहिल्या. एकूण एक अक्षर स्वच्छ गेलं, स्वच्छ आलं. मग त्यांना वाटलं, अक्षरांबरोबर ढगोबाच्या टायपिंगचा शिट्टीसारखा सूरही खोलीत ऐकू यावा. सेटचा स्पीकर या बंद पडलेल्या दोन-तीन महिन्यांत उंदरांनी कुरतडला होता, त्यात लेंड्या होत्या, त्याला हात लावायची सोय नव्हती. तेव्हा तो सूर लॅपटॉपमधून ऐकावा म्हणून त्यांनी आवाजाच्या यादीत पाहिलं. यादीत दोन माईक होते. एक लॅपटॉपचा स्वतःचा, आणि दुसरी डबी, तिलाही लॅपटॉप माईकच म्हणत होता. मास्तरांनी एकापुढच्या ‘ऐका’ या चौकटीत खूण केली. काही ऐकू आलं नाही. “हेही मेलं बिघडलेलं,” म्हणून त्यांनी यादी बंद केली. खूण तशीच राहिली.

ती खूण लॅपटॉपच्या माईकपुढे पडली होती. त्या माईकला जे ऐकू येईल ते लॅपटॉप आता डबीला ऐकवणार होता, आणि डबी ढगोबाला.

रविवारी पावणेदहालाच मास्तर इस्त्रीचा सदरा घालून बसले. बायको शेजारी स्टूल घेऊन लोकरीचा गुंता सोडवत होती. बरोबर दहाला पडद्यावर, पलीकडून सूर आला की उतरते तशी, एक पिवळी रेघ उतरू लागली. मागोमाग अक्षरं आली. क. मग व. 

“आला! आला गं!” मास्तर ओरडले, आणि रेघ तुटली. पडदा काळा झाला.

“शी! गेलं.”

ते गप्प बसून राहिले. थोड्या वेळाने रेघ पुन्हा उतरली, पुन्हा क, पुन्हा व. “अरे पुढे चल ना!” मास्तर म्हणाले, की पुन्हा काळोख. असं चारदा झालं. सवादहा झाले. मास्तरांनी पडद्यावर टिचकी मारली.

“नुसता कचरा! दोन अक्षरं टाकतो आणि बंद पडतो. शी! हे असलं बोलणं? मशीनची वांती आहे ही.”

“त्यांचा एकच हात चालतो. वेळ लागणारच,” बायको म्हणाली.

“हात नाही, वाचा नाही. उरलंय काय मग?” आणि मास्तर सुटले. महिनाभर मेणाच्या डब्याखाली दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. “तुला माहीत नाही, दंतवैद्यांकडे माप बघायला जायचो तेव्हा मी पाहिलीयत असली तोंडं. अर्धा चेहरा ओघळतो. कवळी बसत नाही, डावीकडून लाळ गळत राहते, हनुवटीला फडकं बांधून आणतात माणसं. मी हातमोजे घालूनसुद्धा हात लावायचो नाही, हाताखालच्या पोराला पुढे करायचो. आता ढगोबा म्हटलं की मला तेच तोंड दिसतं. किळस येते मला, ऐकतेस? माझ्याच मित्राची मला किळस येते!”

बायकोच्या हातातली लोकर थांबली. “मग बसलात कशाला चार रविवार?”

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. सदरा इस्त्रीचा आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“त्याच्याशिवाय आहे कोण मला? सगळं जग माझ्यावर वैतागतं, तू वैतागतेस, तो एकटा ऐकत बसतो. एकतीस वर्षं. आणि मी त्याला बघायलासुद्धा गेलो नाही. घाबरलो. माझी मलाच किळस येते, त्याची कसली?”

बायको काही बोलणार होती, पण तिची नजर पुन्हा लॅपटॉपच्या मागे गेली. ती स्टुलावरून अर्धी उठली.

“अहो, तुमची ती हिरडी लाल झालीय.”

“असू दे. टाइप केलं की होते ती लाल.”

“पण तुम्ही टाइप कुठे केलंत? मघापासून बघतेय मी. तुम्ही बोललात की लाल, गप्प बसलात की विझते.”

“काय?” मास्तर म्हणाले, आणि या एका शब्दासरशी भिंतीवर तांबूस उजेड पडून मावळला, तो त्यांनी स्वतः पाहिला.

त्यांनी माउस पुढे ओढला. यादी उघडली, चुकीच्या माईकपुढची ती खूण दिसली. ढगोबाला सगळं ऐकू गेलं होतं. लाळ, फडकं, किळस, सगळं. आणि आपण बोलत असताना त्याला पलीकडून मधे तोंडसुद्धा घालता आलं नसणार, कारण सेट एका वेळी एकच काम करतो. दर वेळी तो ‘कवळ्या’ म्हणून हाक मारायला लागला होता आणि दर वेळी यांनी ओरडून ती हाक तोडली होती. खूण काढायचंही न सुचून मास्तरांनी तोंडावर हात दाबून धरला. बायकोनेही श्वास रोखला.

पिवळी रेघ उतरली. या वेळी कोणी मधे बोललं नाही. एकेक अक्षर येत होतं, मधे इतका वेळ जात होता की बोट कळ शोधताना दिसावं. आधी आलं, “डावीकडून नाही.” मग बराच वेळ काहीच नाही. मग, “उजवीकडून गळते.”

चुकीची नोंद खपवून घेईल तर तो ढगोबा कसला?

रेघ अजून उतरत होती. “कान चांगले आहेत.” एक शब्द अर्धा आला, खोडला गेला, पुन्हा आला. “टाइप कशाला करतोस गाढवा. बोल.”

चार रविवार, दोन ट्रान्सफॉर्मर, एक हिरडी. एवढा खटाटोप करताना मास्तरांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं की वाचा गेली म्हणजे कान जात नाहीत. पलीकडची अक्षरं वाचता आली की पुरे होतं. यांनी माईक खणातून काढायचा आणि बोलायचं, इतकं सोपं होतं ते. पहिल्याच रविवारी बोलायला लागले असते तर त्याने निदान ऐकलं तरी असतं.

मास्तरांनी यादीतली ती खूण काढली आणि खण ओढला. माईकवर प्लास्टरची भुकटी बसली होती, ती न पुसताच त्यांनी तो जोडला आणि बटण दाबलं. माफी मागायची तर ती कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी लॅपटॉपपासून सुरुवात केली. कळांच्या फटीतलं नख, सेक्रेटरीचा ढेकर, स्पीकरमधल्या लेंड्या, एकाच नावाचे दोन माईक करणारा तो अनामिक शहाणा, कोणाला म्हणून सोडलं नाही. बायकोने गुंता पुन्हा हातात घेतला. अर्ध्या तासाने मास्तरांचा आवाज बसला. “पुढच्या आठवड्यात येतोय तिकडे,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडाचं माप घ्यायला. उजवीकडून सैल असेल, तिथे भर घालावी लागेल. माझ्या हाताने घेईन.” आणि त्यांनी बटण सोडलं.

रेघ उतरली. आधी दोनचा आकडा आला. मग वाट पाहायला लावून तीन.

तेवीस.

मास्तरांनी बटण दाबलं. “शी,” एवढंच म्हणाले, आणि पुढचं नेहमीचं, चोंबडेपणाचं वाक्य त्यांना म्हणवेना.

पडद्यावरचा तीन सावकाश खोडला गेला, आणि त्याच्या जागी चार आला.