वाघोबाच्या ठाण्यावरचा पहिला दगड

पोटाच्या ऑपरेशननंतर मी पत्नीशी रोज खोटे बोलत होतो, आणि तेही देवाचे नाव घेऊन. हे मी कोणालाही कळू दिले नव्हते.

ती गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यातली. जुन्या अल्सरमुळे नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या जठराचा मोठा भाग काढून टाकला. गडचिरोलीजवळच्या आमच्या गावी परतायला निघालो, तेव्हा त्यांनी बजावले होते, थोडे थोडे पण वारंवार खा, आणि रोज चाला. अंथरूण धरलेत तर अंगात ताकद येणार नाही. खाण्याचे पत्नीने सांभाळले. पेज आणि मऊ भात ती वाटी वाटी करून भरवी. चालणे मात्र माझे मला करायचे होते, आणि त्याचीच मला धास्ती होती. पाऊल जोरात पडले तर आतले टाके उसवतील असे वाटे. शिंक आली तरी मी दोन्ही हातांनी पोट आवळून धरी.

गावाबाहेर जंगलाच्या वाटेवर वाघोबाचे, म्हणजे वाघदेवाचे, ठाणे आहे. तिथून जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवूनच पुढे जातो. मी महिनाभर रोज आपल्या पायांनी तिथवर गेलो की ती तिथे नारळ फोडणार, असा नवस पत्नीने बोलून ठेवला होता. घरी आलो की ती विचारी, “ठेवला का दगड?” मी म्हणे, “ठेवला, देवाशपथ.” प्रत्यक्षात मी वळणापलीकडे नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर उन्हाला बसून परतत असे.

एका सकाळी दाट धुके होते. सरपणाला निघालेली एक अनोळखी म्हातारी मोरीपाशी थांबली.

“भाऊ, ठाण्यापर्यंत येता का जी? काल तिकडं वाघ डरकला मणते. एकटीले भेव लागते.”

“बाई, माहं पोट चिरलं हाये. मले नाई चालवत.”

“मंग हळू चला. मले तरी कुठी पळता येते? अन् वाघ आला तं चिरलेलं पोट काऊन खाईन? मलेच खाईन!”

मला हसू आले. पोटात कळ उठली, पण काही उसवले नाही. मी उठलो.

सागाची वाळली पाने पायाखाली वाजत, आणि प्रत्येक आवाजाला मी थबकून झाडीकडे बघे. भीती झाडीतही होती आणि पोटातही. मी थांबलो की म्हातारी थांबे. मनात एवढेच म्हटले, देवा, माझ्याने होत नाही; आता तूच चालव. त्यानंतर पावलांचा विचार मी सोडून दिला. ठाण्यावर तिने दगड ठेवला आणि ती धुक्यात पुढे निघून गेली. पुन्हा ती मला दिसली नाही. ती कोण होती, हे मी ठरवू पाहत नाही.

मी माझा दगड ठेवला, तोच मागून पत्नी आली. तिच्या हातात नारळ होता.

“आज महिना भरला. नारळ घेऊन निघाली, तं शेजारीण मणे, तुमचे मालक तं मोरीवरच बसून राह्यते. म्या म्हटलं, माह्या माणसावर माहा भरवसा हाये. मोरी रिकामी दिसली, तवा जीव भांड्यात पडला.”

देवाने माझी लाज राखली होती. गप्प राहिलो असतो, तर ते खोटे कायमचे झाकले गेले असते. टाक्यांच्या भीतीपेक्षा खरे सांगण्याची भीती मोठी होती. पण ज्याच्या हाती शरीर सोपवून इथवर आलो, त्याच्यापासून मन लपवणे मला जमेना.

तिने फोडायला नारळ उचलला. मी तिचा हात धरला.

“थांब. हा माहा पयलाच दगड हाये. शेजारीण खरं बोलली. मले भेव लागत होतं, अन् देवाचं नाव घेऊन मी तुले फसवलं. मले माफ कर.”