बिल नसलेला स्टुडिओ

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत ताठ बसतो. खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. तरी माझ्या सगळ्या नोकरीत एवढी धडधड दुसऱ्या कुठल्या तपासात झाली नाही आणि एवढा आनंदही झाला नाही. नावं कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, कोल्हापूर काही एवढं मोठं नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. गुरुवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची फाईल. शाळा-कॉलेजांना कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर पुरवायचा त्यांचा धंदा होता, म्हणून मी त्यांना पुरवठादार म्हणतो. त्यांनी लेखी अर्ज पुढे ठेवला. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर एक स्टुडिओ आहे, तिथे रेंडरिंगचं महागडं सॉफ्टवेअर चोरून वापरतात आणि शिकवणीला येणाऱ्या मुलांनाही तेच वाटतात, असा मजकूर होता.

"रेंडरिंग म्हणजे काय?" मी विचारलं. आपल्याला येत नाही ते विचारायची मला कधी लाज वाटली नाही.

"कॉम्प्युटरवर वस्तूचा नुसता सांगाडा तयार होतो साहेब. ती खरी दिसावी म्हणून तिच्यावर ऊन, सावली, चकाकी चढवतात. जाहिराती, सिनेमे, बंगल्यांची चित्रं, सगळं त्यातूनच निघतं."

"चोरीचं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"सोपं आहे. त्यांच्याकडे एकही बिल नाही. विचारून बघा."

बिल नाही म्हटल्यावर मी कान टवकारले. आम्हा पोलिसांचा अर्धा जन्म हा एक प्रश्न विचारण्यात जातो. मोटरसायकल पकडली, बिल कुठाय? पोत्यात तांब्याची तार सापडली, बिल कुठाय? ज्याच्याकडे बिल तो मालक, नाही तो चोर. ठाण्यातली पोरं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करायची, तीसुद्धा याच दोन शब्दांची. मी डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि हवालदारांना जीप काढायला सांगितली.

जिना चढून आत गेलो तर गरम हवा तोंडावर आली. आठ कॉम्प्युटर एकदम घरघरत होते. चार पोरंपोरी काम करत होती आणि त्यांची मालकीण पुढे आली. वय तिशीच्या आतलं, गाव कागल. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तिने हा स्टुडिओ टाकला होता. मी ओळख दिली आणि हवालदारांना खूण केली. त्यांनी मेन स्विचकडे हात नेला, तशी ती बोर्डाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"सर, काय ती झडती घ्या, पण मशीन बंद करू नका. पुण्याच्या कंपनीचं काम चाललंय. सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचंय."

"ते आम्ही ठरवू."

"सर, कागलला आमचं गुऱ्हाळ हाय," घाबरल्यावर तिच्या तोंडी गावची बोली आली. "काहिलीत रस उकळाय लागला की कुणी मधीच आच काढतंय का?"

माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. अर्धवट उकळलेल्या रसाचं काय होतं ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. मी हवालदारांना थांबवलं. त्या दिवशी माझ्या हातून घडलेली पहिली शहाणपणाची गोष्ट ती.

"ठीक आहे. बिल दाखवा."

"नाही सर."

"म्हणजे चोरीचं."

"चोरीचं नाही. फुकट आहे."

आमचे हवालदार खो खो हसले. "आवो ताई, लाखाचं सॉफ्टवेअर फुकट? आमची शेजारीण चटणीसुदिक वाटी परत द्यायच्या बोलीवर देती की!"

तिने न चिडता स्क्रीनवर एक पान उघडलं. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून हे सॉफ्टवेअर बनवलंय आणि त्याचा परवाना त्याच्या आतच आहे, असं ती म्हणाली. मी तो छापून घेतला आणि चष्मा लावून वाचायला बसलो. कुणीही वापरा, कुठल्याही कामाला वापरा, त्यावर कमवा, प्रती काढा, दुसऱ्याला द्या! मला आधी रागच आला. ज्या गोष्टीसाठी मी लोकांना आत टाकायचो तीच करायची इथे लेखी मुभा होती. माझी कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलं, म्हणून मी सायबर विभागाला फोन लावला.

तिथल्या महिला उपनिरीक्षक तासाभरात आल्या. त्यांनी आठही मशीन तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, परवाना खरा आहे. हे सॉफ्टवेअर कोणीही घेऊ शकतं. इथे चोरीचं काही नाही." तरी अर्जाची तड लागायची होती. पुराव्यापुरतं एक मशीन सील केलं आणि उरलेली सात हमीपत्रावर तिच्याच ताब्यात चालू ठेवली. त्यात छेडछाड नको म्हणून हवालदारांना तिथे बसवलं.

मी निघणार इतक्यात तिचा फोन वाजला. पलीकडे पुण्याची कंपनी होती. ऐकता ऐकता ती मटकन खुर्चीत बसली. पोलिसांची धाड पडल्याचं कंपनीला कळलं होतं. चोरीच्या सॉफ्टवेअरवर केलेलं काम आम्ही घेणार नाही, सोमवारी बाराच्या आत काम आणि त्याबरोबर पोलिसांचं लेखी आणा, नाहीतर काम रद्द, असा निरोप होता.

"सर, आठ महिने ह्या कामाच्या मागं होते मी," ती म्हणाली. "हे गेलं तर स्टुडिओ बंद. आणि कागलात काय म्हणतील? पोरीच्या घरी पोलीस आले, एवढंच म्हणतील."

मला वाईट वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त डोकं चालू झालं. धाड टाकून दोन तास झाले नव्हते. पुण्याला कुणी सांगितलं? अर्जाची माहिती मला, माझ्या माणसांना आणि अर्जदाराला. माझी माणसं माझ्यासमोर उभी होती.

"तुमचं आणि त्या पुरवठादाराचं काही भांडण?" मी विचारलं.

"मी त्यांना ओळखतही नाही. फक्त एकदा मलकापूरकडच्या एका शाळेला सल्ला दिला होता, तिथे सॉफ्टवेअर त्यांचं होतं."

शुक्रवारी सकाळी मी त्या शाळेत हजर. गावालगतची शेतं ओलांडली की उसात लपलेली छोटी शाळा, पण कॉम्प्युटरची खोली अशी झकपक की चप्पल बाहेर काढून आत जावं. मुख्याध्यापक धोतर-टोपीतले, साधे आणि मोकळे गृहस्थ. त्यांनी कपाटातून एक कागद काढला. स्टुडिओवालीने लिहून दिलेला तो सल्ला होता आणि तो वाचताना मला कळलं की ह्या मुलीला धंद्यापेक्षा लोकांची जास्त काळजी आहे. तिने लिहिलं होतं की सॉफ्टवेअर निवडताना किंमत शेवटी विचारा. आधी विचारा की वापरणार कोण, मुलं शिकायला की माणसं कमवायला? शिकायला फुकटचं पुरतं, आणि मोठ्या कंपन्यासुद्धा शाळांना विनामूल्य परवाना देतात, फक्त त्यावर धंद्याचं काम करायचं नाही ही अट असते. स्टुडिओला गिऱ्हाईक एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरचाच आग्रह धरत असेल तर ते पैसे मोजून घ्यावं, तिथे चिकटपणा करू नये. आणि वर्षाच्या भाड्याने घेत असाल तर भाडं थांबल्यावर तुमच्या जुन्या कामाचं काय होणार, हे सही करण्याआधी विचारून ठेवा.

"हे वाचल्यावर मी पुरवठादाराला इचारलं," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणलं, पावणं, शाळांना फुकट मिळतंय म्हणत्यात, मग आम्ही दरसाल पैसं कशाला भरतोय? तर ते तापलं. हे कुणी शिकवलं म्हणाय लागलं. मी भोळेपणानं ताईंचं नाव सांगितलं बघा."

"तुमच्याकडे बिलं आहेत?"

"हायती की!" त्यांनी फाईल उघडली. छापील, सहीशिक्क्याची, एकसुद्धा खाडाखोड नसलेली बिलं. वीस कॉम्प्युटरचा धंदेवाईक परवाना, पूर्ण किमतीत. जन्मभर ज्या कागदासाठी मी लोकांच्या मागे लागलो, तो कागद इथे नंबरवार लावलेला होता. मी फाईल मिटायला लागलो आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हे घेताना त्यांनी तुमच्याकडून काय काय कागद घेतले?"

"शाळेच्या मान्यतेच्या दाखल्याची झेरॉक्स. आणि लेटरहेडवर पत्र, की आम्ही मान्यताप्राप्त शाळा आहोत म्हणून."

मी ताडकन उभा राहिलो. मुख्याध्यापक बिचारे दचकले. पूर्ण पैसे मोजून वस्तू घेणाऱ्याला मान्यतेचा दाखला कशाला? किराणा दुकानात साखर घेताना कुणी रेशनकार्ड मागत नाही. ते फक्त रेशनच्या दुकानात मागतात, स्वस्तात द्यायचं असतं तेव्हा! शाळेचा दाखला जोडून कंपनीकडून विनामूल्य परवाना घ्यायचा आणि शाळेला पूर्ण किमतीचं बिल फाडायचं, असा हा डाव होता.

"मशीन लावा बरं," मी म्हणालो. सॉफ्टवेअर उघडताना पहिल्याच चित्राखाली बारीक इंग्रजी ओळ आली. शैक्षणिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही. वीसच्या वीस मशीनवर तीच ओळ. रोज मुलांच्या डोळ्यांपुढून जात होती आणि कुणी वाचली नव्हती. मी पंचनामा करून घेतला, मुख्याध्यापकांची फिर्याद लिहून घेतली आणि जीपमध्ये बसल्यावर चक्क शीळ घातली. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी पुरवठादारांना बोलावलं. आले ते रुबाबात, कारवाईची चौकशी करायला. मी त्यांना चहा पाजला. आरडाओरडा करून माणूस बोलतो हा सिनेमाचा समज आहे. खरा माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असताना बोलतो.

"तुमची बिलं फार नीटनेटकी असतात," मी म्हणालो.

"व्यवहार चोख पाहिजे ना साहेब! तुम्हालाही तेच आवडतं."

"अगदी. हे शाळेला विकल्याचं बिल. आता तुम्ही कंपनीकडून विकत घेतल्याचं बिल दाखवा."

त्यांनी फाईल उघडली, दोन कागद उलटले, परत पहिल्यापासून उलटले. मी वाट पाहत होतो. आयुष्यात हजारदा विचारलेला प्रश्न मी आणखी एकदा विचारला, पण एवढी मजा कधीच आली नव्हती.

"बिल कुठाय?"

त्यांनी पाणी मागितलं. ग्लास रिकामा झाल्यावर सगळं बाहेर आलं. अशा आणखी काही शाळा होत्या. मुलीचा एक कागद शाळाशाळांतून फिरला तर दुकान बंद होईल, म्हणून तिचंच तोंड बंद करायला अर्ज दिला होता आणि तिच्या गिऱ्हाइकाचं नाव बाजारातून काढून धाड पडताच पुण्याला फोनही त्यांनीच केला होता. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि पुढे ते प्रकरण न्यायालयात गेलं.

आता उरला सोमवार. सील केलेलं मशीन मी शनिवारीच सोडवून दिलं होतं, तरी दोन दिवसांचा तोटा पडला होता. सकाळी नऊला मी स्टुडिओत गेलो तर आमचे हवालदार खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला डोळे लावून बसलेले. शाळकरी मुलांच्या धड्यासाठी माणसाचं हृदय आतून कसं चालतं, ती फिल्म एकेक चित्र करून तयार होत होती. लाल भिंती आकसत होत्या, पडदे उघडझाप करत होते.

"साहेब, बघा की! आपल्या आत हे असं चालतंय व्हय? आनी फुकटच्या सॉफ्टवेअरवर! अजून चाळीस चित्रं ऱ्हायल्यात. मी मोजतोय."

ती माझ्यापाशी आली. डोळे जागरणाने लाल झालेले. "सर, काम होतंय. पण त्यांना लेखी पाहिजे."

इथे मी अडकलो. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी लोकांकडून हजारो कागद घेतले. जबाब, हमीपत्रं, कबुल्या, बिलं. पण तू चोर नाहीस असा कागद मी कुणाला दिला नव्हता. पोलीस संशय लिहून ठेवतात. तो फिटला की नुसतं "जावा आता" म्हणतात. त्या "जावा आता"वर माणूस घरी जातो खरा, पण गावात त्याला पाहणारे पोलिसांची जीपच लक्षात ठेवतात.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "अशी पद्धत नाही."

"पद्धत नाही, पण बंदी आहे का सर?" मी विचारलं. ते म्हणाले, "खरं तेवढंच लिहा."

ठाण्यात जाऊन मी स्वतः बसून लिहिलं. सदर स्टुडिओविरुद्धच्या अर्जाची चौकशी केली, अर्जातील आरोपात तथ्य आढळले नाही, वापरातील सॉफ्टवेअर कायदेशीर असून त्याला बिल लागत नाही. जन्मभर बिल मागत आलो होतो, तरी ही शेवटची ओळही मीच लिहिली. जावक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला आणि वेळ जाऊ नये म्हणून मीच तो घेऊन जिना चढलो. बाराला दहा कमी होती. हवालदार ओरडले, "झालं साहेब, शेवटचं बी झालं!" तिने माझ्या पत्राचा फोटो कामाला जोडला, बटण दाबलं आणि मग आम्ही सगळेच फोनकडे बघत बसलो. पुण्याहून फोन आला, काम आणि पत्र दोन्ही पोचलं, काम मंजूर आहे म्हणून, तेव्हा ती हसता हसता रडली आणि आमच्या हवालदारांनी अंगावर वर्दी असताना टाळ्या वाजवल्या. मी त्यांना रागावलो नाही.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं? बिल म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, हे तर शिकवलंच. पण खरा धडा मला निवृत्तीनंतर मिळाला. परवा राजारामपुरीत गेलो होतो, म्हणून जिना चढलो. आता तिथे वीस मशीन आहेत आणि पलीकडच्या खोलीत मुलांची शिकवणी चालते. इतर दुकानांत परवाने आणि प्रमाणपत्रं लावतात त्या भिंतीवर एकच चौकट होती. आत माझं पत्र, शिक्क्याची शाई फिकट झालेली.

एक नवी मुलगी आईला घेऊन प्रवेशाला आली होती. आई शेतात राबणारी, सावध. तिने विचारलं, "हितलं सगळं कायद्यातलं हाय न्हवं, ताई? पोलीस-बिलीस काय येनार न्हाईत न्हवं?"

स्टुडिओवालीने चौकटीकडे बोट केलं, मग माझ्याकडे. "येऊन गेले मावशी," ती म्हणाली. "हे काय, बसलेत."