चकाचक वहिनी

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आधीच्या मंगळवारी, मंगलवहिनीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली आणि दिवस मावळायच्या आत ती पोर गेली. अन्याय झाला तो मंगलवहिनीवर. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गल्लीत आजही तिचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा हसतात. गल्ली तिला ‘चकाचक वहिनी’ म्हणायची.

वाळूजच्या कारखान्यांमागं आमच्या खोल्या एका रांगेत होत्या. तिची माझ्या शेजारची. एका तांब्याभर पाण्यात ती अख्खी खोली पुसून काढायची, आणि तेच पाणी मग मोरीला. आत जायचं तर पाय झटकून. “माझ्या घरात माशी बी पाय पुसून येती,” असं म्हणून स्वतःच खो खो हसायची. मी मोर्च्यांची पत्रकं वाटत फिरते, म्हणून मी तिची ‘पत्रकवाली’. “ए पत्रकवाली, शाई लागलीय हाताला. आधी हात धू, मंग क्रांती कर.”

या चकचकीमागं एक जखम होती. वहिनी फुलंब्रीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा घरमालकिणीनं तिची घोंगडी नाकाशी नेली आणि म्हणाली, “हा वास माझ्या खोलीत नको.” घोंगडी गावी परत गेली. वहिनी तेव्हापासून घासतच सुटली. भांडी, फरशी, स्वतःचं अंग. दिगंबरभाऊ, तिचा नवरा, कारखान्यातल्या पाळीवरून येऊन वैतागायचा, “अगं, कातडी तरी ठेव अंगावर!” ती म्हणायची, “तुमाला काय व्हतंय? नाक मुरडत्यात ते मला बघून.”

त्या वर्षी टँकर आला तर आला. पलीकडं नव्या सोसायटीच्या फलकावर पोहायचा तलाव रंगवलेला, आणि इकडं आम्ही निळ्या ड्रमच्या तळाशी वाकलेल्या. अशात जंतुनाशक विकणाऱ्या एका कंपनीनं गल्लीच्या तोंडाशी मंडप टाकला. ‘माता आरोग्य’ असा फलक, आणि पांढरा कोट घातलेली एक विक्रेती. वहिनीला तेव्हा पाचवा लागला होता. बाई सांगत होती, “पाणी नाही? मग तर हे पाहिजेच. दोन टोपणं मगभर पाण्यात टाका आणि आतूनसुद्धा धुवा. आईचे जंतू बाळाला जातात.”

वहिनीनं विचारलं, “रोज?”

“रोज.”

फुकटची बाटली तिनं प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. मी कुरकुरले तर मलाच झापलं, “तुला सगळ्यांतच लबाडी दिसती. कोटातली बाई खोटं कशाला बोलंल?”

थोड्या आठवड्यांनी अंगावरून पाणी जायला लागलं. त्याला वास यायला लागला. दुसरी कुणी असती तर कुरबुरली असती, नवऱ्याशी भांडून दवाखान्यात गेली असती. वहिनी गप्प बसली. वास हीच तर तिची आयुष्यभराची भीती! तिनं औषध वाढवलं. दिवसातून दोनदा धुवायला लागली. वास वाढला, तशी ती आमच्यापासून लांब बसायला लागली. आम्हाला वाटलं, दिवस गेल्यावर बाई तोऱ्यात आली. मग एका सकाळी भिंतीपलीकडून तिची हाक आली आणि आम्ही रिक्षा शोधत पळालो.

मुलगी गेल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्या खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, “बाईच्या अंगात आत जंतू असतातच, आणि ते तिचेच असतात. दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद म्हणा. ते आत आंबटपणा राखतात, वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. औषधानं धुतलं की आधी तेच मरतात. कळा त्यामुळंच आल्या असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण वास यायला लागला तेव्हाच यायचं होतं, ताई. साधी तपासणी होती, साध्या गोळ्या होत्या.”

वहिनी म्हणाली, “म्हंजे मेंढरांच्या वाड्यावरची राखणीची कुत्री मीच मारली. मंग लांडगं येणारच की.”

“तू नाही मारलीस. तुला मारायला लावली त्यांनी!” मी भांडायच्याच आवाजात बोलले.

“व्हय गं. पण पोर माझी गेली ना.”

मी कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं माहितीपत्रक पुढं सरकवलं. “दाखवा, आतून धुवा असं कुठं छापलंय?” छापलेलं नव्हतंच. मंडपात तोंडानं सांगितलेलं कागदावर कशाला येईल? मी आरडाओरडा केला, शिपायानं मला बाहेर काढलं. वहिनीच्या पदरात त्यातून काही पडलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी दिगंबरभाऊला चाकणला काम लागलं. सामान टेम्पोत चढलं. मी वहिनीला मिठी मारायला गेले तर ती मागं सरकली. “नको जवळ येऊस. वास येत आसंल.” कसलाही वास नव्हता. मी शपथेवर सांगितलं, तिला ते पटलं नाही. टेम्पो वळला. तिचा फोन पुढं कधी लागला नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरात, गल्लीत कुणी गरोदर असेल तर आजच तिच्याजवळ बसा. दार लावून विचारा: जळजळ होते का, अंगावरून जातंय का, त्याला वास येतो का, आतून कशानं धुतेस का? ती ‘होय’ म्हणाली तर चेहऱ्यावर आठीसुद्धा आणू नका. तिला दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका. आणि आतून धुवायला शिकवणारा मंडप तुमच्या गल्लीत पडला, तर तो तिथल्या तिथं उठवा.