शेवरीच्या आडोशाला विमान

असोद्यात माणसानं पन्नाशीनंतर काय करायचं ते ठरलेलं असतं. चौकात बसायचं, केळीच्या भावाला शिव्या घालायच्या आणि घरी जाऊन जेवायचं. मी रिमोटचं विमान घेतलं. जळगावच्या बाहेर एका मोकळ्या जागेवर एक माणूस ते उडवताना पाहिला होता. गाडी बाजूला लावून तासभर उभा राहिलो आणि घरी येऊन मोबाईलवरून मागवून टाकलं. फोमचं, हलकं, पुढे मोटार, पोटात बॅटरी. खोक्यावर लिहिलं होतं, शिकाऊंसाठी. म्हटलं, आपल्यासाठीच आहे.

बायको धुळ्याकडची, सोनगीरजवळची, अहिराणी बोलणारी. खोकं उघडताना ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हाऊ काय पोरखेय शे?" म्हणाली. चौकातल्यांनी तर ताळच सोडला. कोणी विचारी, मुंबईचं तिकीट केवढ्याला? कोणी म्हणे, मला पाचोऱ्याला सोड. मला राग लवकर येतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणूनच जास्त चिडवतात.

जागेचा प्रश्न नव्हता. आमची केळी कापून झाली होती, खोडं काढली होती, वावर मोकळं पडलं होतं. पश्चिमेच्या कडेला शेवरीची दाट रांग तेवढी उभी होती. केळीला वारा लागू नये म्हणून आम्ही ती लावतो. नाहीतर पानांच्या चिंध्या होतात. पूर्वेला बांध, आणि बांधापलीकडे माझ्या धाकट्या भावाची बाग.

त्या भावाशी माझी बोलचाल बंद होती. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला आणि तेव्हापासून तोंडं फिरली. समोरासमोर आलो की तो मोटारसायकलचा आरसा नीट करायचा आणि मी आभाळ बघायचो. सणाला बायका एकमेकींकडे डबे पाठवायच्या, आम्ही दोघं मात्र दगड. दगड म्हणतो खरा, पण दर संध्याकाळी त्याची मोटारसायकल शेताकडून परतली की माझे कान तिकडेच असायचे. एका ताटात जेवून वाढलेला माणूस. आठवण यायची, साफ सांगतो.

सकाळी पंपाला लाईट असते, पाणी द्यायची कामं असतात. म्हणून विमान संध्याकाळी. उन्हाळ्याचं तोंड होतं, वारा सुटलेला असायचा. मी अक्कल चालवली आणि शेवरीच्या आडोशाला गेलो. तिथे काडी पेटवली तरी विझत नव्हती. विमान हातानं फेकलं की झकास उचलायचं, वर जायचं, आणि शेवरीच्या शेंड्यांवर गेलं रे गेलं की कुणीतरी थप्पड मारल्यासारखं उलटं व्हायचं. मग वाऱ्याबरोबर वावर ओलांडून थेट भावाच्या बागेत.

त्याची बाग निसवलेली होती, घड बाहेर आलेले. अशा वेळी दुसऱ्याच्या बागेत न विचारता कोणी शिरत नाही. पान घासलं तरी केळावर डाग पडतो आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. विचारायचं तर बोलावं लागणार. मी बांधावर उभा राहिलो, अंधार पडेपर्यंत, आणि घरी आलो.

सकाळी विमान बांधावर ठेवलेलं होतं. पंखावर दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

असं कितीदा झालं असेल! मी पाडायचो, तो आणून ठेवायचा. मी फेव्हिक्विक लावायचो, चिकटपट्टी लावायचो, दुकानदाराला मनातल्या मनात झोडायचो, बॅटरीला दोष द्यायचो. एकदा चहा पीत बांधावर बसलो होतो, तेव्हा शेवरीकडे लक्ष गेलं. खालची फांदी हलत नव्हती आणि शेंडे वेड्यासारखे झोडपत होते. हात्तिच्या! केळी जन्मभर खालीच असते, म्हणून तिला आडोसा लागतो. विमानाला वर जायचं असतं. मी विमानाला केळीसारखं वाढवत होतो.

दुसऱ्या दिवशी शेवरीपासून लांब, भावाच्या बांधाजवळ उघड्यावर उभा राहिलो आणि वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडलं. ते उडालं. हो, उडालं! डगमगलं, सावरलं, चढत गेलं. "अरे वा रे माझ्या पठ्ठ्या!" मी एकटाच ओरडलो. मग पाहिलं तर एकटा नव्हतो. भाऊ त्याच्या बाजूला बांधाला लागून उभा होता, हातात विळा, मान वर.

तो बघतोय म्हटल्यावर मला चेव आला. लांबूनच परत फिरवावं, त्याच्या डोक्यावरून न्यावं असं वाटलं. विमान वळलं आणि आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. असं समोरून येताना त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, हे मोबाईलवर शंभरदा ऐकलं होतं. ऐन वेळी कुठलं आठवायला! डावीकडे न्यायला गेलो, ते उजवीकडे झुकलं. घाबरून आणखी दाबलं, तर नाक खाली करून सरळ माझ्याच तोंडावर.

"भाऊ, खाली बस!"

बसलो. कानाजवळून घुं करून गेलं आणि मागे ढेकळात आपटलं. पंख एकीकडे, मोटार एकीकडे. मी तसाच मातीत बसून राहिलो. त्याचा आवाज किती दिवसांनी ऐकला होता!

"लागलं का भाऊ?" तो बांधावरून म्हणाला. एक पाय परत वळवलेला होता. मी नाही म्हणालो असतो तर गेला असता, मला माहीत होतं.

"लागलं," मी म्हणालो. खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्यानं विळा खाली टाकला आणि बांध ओलांडून आला.