गुरुवारी पाहिलेलं घर

“कॉट इथं बसतीय बगा,” बालाजी कदम म्हणाले आणि बेडरूमच्या भिंतीवर विती टाकत खिडकीपर्यंत गेले. या फ्लॅटला त्यांची ही तिसरी फेरी. भिंत त्यांनी मागच्या खेपेलाही मोजली होती.

त्यांची बायको अनिता किचनमध्ये नळ सोडून पाण्याची धार बघत होती. मी हॉलमध्ये रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते. लिफ्ट बंद, मजला चौथा. या धंद्यात आधी गुडघे जातात, मग आवाज.

मी फ्लॅट विकते. पिंपळे गुरवला एका गाळ्यात माझं छोटं ऑफिस आहे. लोक एजंट म्हणतात, कार्डावर कन्सल्टंट लिहिलंय. हा फ्लॅट रिसेलचा होता, म्हणजे बिल्डरकडून नाही, राहत्या मालकाकडून घ्यायचा. मालक देशमाने साहेब बदली होऊन नाशिकला गेले होते आणि किल्ली माझ्याकडे होती. मोशी ओलांडून चाकणच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला ही सोसायटी. बेडरूमच्या खिडकीतून मोकळं रान दिसायचं, रानापलीकडे पत्र्याच्या शेड, त्यामागे डोंगराची रेघ. आणि शांतता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर दचकायला व्हायचं, इतकी.

“ताई, आमच्या खोलीवर, संत तुकाराम नगरला, अशी शांतता सापडंल का?” बालाजी म्हणाले.

“भाऊ, आज गुरुवार आहे.”

हे मी पहिल्या फेरीला सांगितलं होतं, दुसऱ्या फेरीलाही. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी ट्रेलर उभे असतात, धूळ खाली बसते, चौकात हॉर्न नसतो. कामगाराला तोच दिवस मोकळा मिळतो, म्हणून घर बघायला तो त्याच दिवशी येतो. एजंटांनाही तो वार फार आवडतो.

“त्या पत्र्याच्या शेड दिसतायत ना, तिथे फोर्जिंग आहे. लोखंड लाल करून त्यावर वरून मोठा घण आदळतात. त्याला हॅमर म्हणतात. तो आवाज कानातून येत नाही, फरशीतून येतो. गुरुवार सोडून रोज.”

बालाजी हसले. “ताई, मी कंपनीत प्रेस शॉपला हाय, रातभर मशीनखाली पत्रा ठोकतो. हॅमरचं मला काय सांगता?”

अडचण आवाजाची नव्हती, वेळेची होती. बालाजी कायम थर्ड शिफ्टला, रात्री अकरा ते सकाळी सात. अनिताची पिंपरीतल्या एका दवाखान्यात सकाळची ड्युटी. मुलगी तिसरीत, दुपारी शाळेतून यायची तेव्हा घरी कुणीतरी हवं. गाव लातूरकडे, इथे सांभाळायला कुणी नाही. म्हणून जी शिफ्ट सगळे टाळतात ती बालाजींनी मागून घेतली होती. ते दिवसा झोपायचे आणि हॅमरही दिवसाच चालायचा. मला याचा मेळ काही बसेना.

त्यांना मात्र फ्लॅट हवाच होता, आणि त्याचं कारण खिडकीतला डोंगर नव्हता. कंपनीची बस सकाळी चाकणहून निघाली की हायवेला अडकायची. संत तुकाराम नगरला पोचून, आंघोळ करून, चार घास खाऊन पाठ टेकेपर्यंत ऊन वर यायचं. मग मुलगी यायची. इथून मात्र बस हाकेच्या अंतरावर थांबणार होती.

“रोजची दीड तास झोप हाय ती, ताई,” ते म्हणाले. लोक गार्डन आणि क्लब हाऊसबद्दल जसं बोलतात, तसं ते झोपेबद्दल बोलले. शिवाय राहती खोली सोडावी लागणार होती. घरमालक बिल्डिंग पाडून नवी बांधत होता. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत जागा बघा, असं त्याने सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी देशमाने साहेबांचा फोन आला.

“मॅडम, टोकन घेतलं का?”

टोकन म्हणजे सौदा पक्का करायला द्यायची पहिली रक्कम.

“अजून नाही. त्यांना विचार करायचाय.”

“तीनदा बघून? तुम्ही त्यांना काय सांगत बसता?”

“हॅमरचं सांगितलं.”

“अहो, एवढी वर्षं मी राहिलो तिथे! सवय होते.”

“तुम्ही दिवसभर ऑफिसात असायचा, साहेब.”

“तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या आहात?”

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंचा सारखाच कंटाळा आलेला असतो.

दोन दिवसांनी अनिता एकटीच ऑफिसात आली. ड्युटीचा ड्रेस तसाच होता. खुर्चीच्या कडेला बसली.

“ताई, हे ऐकणार न्हाईत. सांगून त्यांना कळत नसतंय. एक दिवस झोपू द्या तिथं.”

“कुणाला?”

“यांनाच. शिफ्ट सुटली की थेट तिथं येऊ द्या. मी चटई घेऊन येते.”

माझ्याकडे लोक वास्तुवाल्याला घेऊन आलेत, होकायंत्र घेऊन आलेत, सासूला घेऊन आलेत. एकाने फरशीचा उतार बघायला गोट्या आणल्या होत्या. झोपून बघतो असं कुणी म्हणालं नव्हतं. मी देशमाने साहेबांना विचारलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, “झोपू दे. उठल्यावर टोकन दिलं म्हणजे झालं.”

सोमवारी सकाळी मी कुलूप उघडून थांबले. अनिता बसने आली. चटई, उशी, चादर, डबा, पाण्याची बाटली, सगळं सोबत. तिने सुट्टी टाकली होती आणि मुलीला शेजारणीकडे सोडलं होतं. थोड्या वेळाने बालाजी आले.

मी त्यांना ओळखलंच नाही म्हटलं तरी चालेल. गुरुवारी येणारे बालाजी दाढी केलेले, इस्त्रीच्या शर्टातले, बडबडे असायचे. हा माणूस प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबत वर आला. डोळे लाल, युनिफॉर्मवर तेलाचे डाग. मला बघून नुसती मान हलवली. आतापर्यंत मी परिसर सुट्टीचा दाखवत होते आणि गिऱ्हाईकही सुट्टीचंच बघत होते.

त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हॉलमध्ये चटईवर आडवे झाले. बूट उशाशी ठेवले. दिवा मालवावा तशी झोप लागली.

आम्ही दोघी किचनमध्ये खाली बसलो. रस्त्यावर ट्रेलर सुरू झाले होते. मग हॅमर सुरू झाला. आधी फरशीतून अंगाला कळलं, मग खिडकीची काच वाजली. ओट्यावरच्या बाटलीतलं पाणी थरथरलं. धप्प. जरा उसंत. धप्प. एकदा ताल लागला की मग थांबायचं नाव नाही.

आता उठून बसतील म्हणून मी हॉलमध्ये डोकावले. बालाजी कुशीवर, गालाखाली हात घेऊन गाढ झोपले होते. पापणीसुद्धा हलत नव्हती.

माझा अंदाज चुकला होता. पण वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. माणसाला झोप लागतेय, मग माझं काय जातंय? टोकन घ्यावं आणि घरी जावं.

अनिताच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नव्हतं.

“असं कसं?” ती हळू आवाजात म्हणाली. “खोलीवर चिमणी बोलली तरी उठतात हे. टीव्हीचा आवाज बंद करून बघतो आम्ही. पोरगी टाचा उचलून चालती.”

मलाही कोडं पडलं. मी खालून चहा आणला. दोन फोन घेतले, दोन टाळले. अनिताने फरशीवर हात ठेवला होता. दर ठोक्याला ती तो थोडा उचलायची आणि परत ठेवायची.

“डोकं दुखतंय का?” मी विचारलं.

“मला सवय करून घेता येईल, ताई. माझं न्हाई काही.”

दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि हॅमर थांबला.

एकदम सगळं गप्प. तेवढ्यात हॉलमध्ये काहीतरी आपटलं. आम्ही धावलो. बालाजी उठून उभे होते. एक बूट हातात, दुसरा पायाने चाचपत होते.

“कोण थांबवली? मशीन कोण थांबवली?”

डोळे उघडे होते, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो. अनिताने दंड धरला. “अहो, घर हाय हे. घर. मी हाय.”

त्यांनी भिंतींकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. छातीचा भाता चालला होता. हळूच खाली बसले आणि ओशाळून बूट बाजूला ठेवला.

अनिताने पाणी दिलं. पिऊन झाल्यावर ते माझ्याकडे बघून बोलायला लागले, तिच्याकडे नाही.

“ताई, प्रेस शॉपला आवाज चालू असला की सगळं ठीक असतंय. थांबला की समजायचं, काहीतरी झालंय. डाय, म्हंजे साचा तुटला, न्हाईतर...” ते थांबले. “एकदा आमच्या लाईनला एकाचा हात गेला. मी पलीकडच्या मशीनला होतो. आरडाओरडा नंतर झाला, आधी आवाज थांबला. तवापासून असंच हाय.”

अनिताने मान खाली घातली. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

“पण झोप लागली का न्हाई?” बालाजी घाईने म्हणाले. “तुम्ही बघितलंय ना, ताई? चालतंय मला हे घर.”

मी बघितलं होतं. “लागली,” म्हणाले. खोटं कशाला बोलू?

अनिता चादरीची घडी घालत होती. आवाज न चढवता म्हणाली, “घरी येऊन पण कंपनीतच झोपायचं का?”

“अगं, दीड तास हाय रोजचा.”

“मला कळतंय ते. रोज दुपारी तुम्ही असं उठणार. आणि त्याच वेळेला पोरगी शाळेतून येणार.”

जेवणाची सुट्टी संपली आणि हॅमर पुन्हा सुरू झाला. धप्प. बालाजींचे ताठलेले खांदे एकदम सैल झाले, श्वास खाली बसला. आम्ही दोघींनी ते बघितलं. आम्ही बघितलं, हे त्यांच्याही लक्षात आलं.

त्यांनी बूट घातले, लेस बांधायला बराच वेळ घेतला.

“चला,” म्हणाले.

मी नाशिकला फोन केला.

“नाही म्हणाले, साहेब.”

“झोप लागली नाही का?”

“लागली.”

“मग?”

“लागली म्हणूनच.”

त्यांनी फोन ठेवला. नंतर तो फ्लॅट त्यांनी दुसऱ्या एजंटकडे दिला आणि तो पटकन विकला गेला. कुठल्या वारी दाखवला असेल, ते मी विचारलं नाही.

पुढे मी कदम नवरा-बायकोला बऱ्याच जागा दाखवल्या. गुरुवार सोडून. बालाजी शिफ्टवरून तसेच यायचे, भिंतीला टेकून उभे राहायचे. अनिता खाली जाऊन वाणसामानाच्या दुकानात चौकशी करायची, कोपऱ्यावर उभी राहून ऐकायची. शेवटी पिंपळे गुरवलाच, आतल्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांनी घर घेतलं. बेडरूमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. पाणी एक दिवसाआड येतं. बस हायवेला अडकायची ती अडकतेच.

सुरुवातीला शांततेमुळे बालाजींना झोप लागेना. आता त्यांनी जुना टेबल फॅन उशाशी लावलाय. जाळी खडखडते, त्यावर कशीबशी लागते. फर्स्ट शिफ्टसाठी अर्ज दिलाय म्हणतात. अजून थर्डच चालू आहे. मध्यंतरी भाजी घेताना भेटले तेव्हा विचारलं, “घर कसंय?” म्हणाले, “बरं हाय. कळायला तेवढं जागं कोण असतंय?”

मी माझ्या परीने एक नियम केला. गुरुवारी फ्लॅट दाखवत नाही. त्याने धंदा वाढला नाही, उलट थोडा घटला. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक जागा राहण्यासारखी दिसते. घर घ्यायचं असेल तर कामाच्या दिवशी बघा, आणि घरात ज्याला सगळ्यांत जास्त दमायला होतं, त्याला दमलेला असतानाच घेऊन जा.