जोडीचा सूर

आमच्या पनवेलच्या ऑर्केस्ट्रात रोडपाली गावचा एक गिटारवाला होता. मी माझ्या गिटारवर चाल वाजवायचो आणि तो तिच्या जोडीचा वरचा सूर. त्याची नजर माझ्या बोटांवर असायची. मी चुकलो की तोही तसाच वळायचा, त्यामुळे चूक कुणाला कळायची नाही.

मग मी हार्मनीचं पेडल घेतलं. पायाने दाबलं की जोडीचा सूर, खालचं सप्तक, सगळं माझ्याच गिटारमधून यायचं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी त्याला बोलावणं बंद केलं. मी पेडलवर वाजवत राहिलो.

पुढे त्याच्याच गावात एका हळदीला पेडल बेसूर वाजायला लागलं. तो पाहुण्यांतून उठून आला आणि त्याने वाकून पेडलवरचं पट्टीचं बटण फिरवलं.

"पट्टी चुकली व्हती तुजी. वाजव आता, काय नाय होत."

त्याला थांबवून पुन्हा जोडीला वाजवायला घ्यायला हवं होतं. मी नुसतं "थँक्यू" म्हणालो.