अंगठ्याची खूण आणि साखरेचा डबा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून घेतलेला शेवटचा चहा बिनसाखरेचा होता, आणि त्यावरूनच आमचं भांडण चाललं होतं.

भांडण तोंडानं नव्हे, हातानं. कबनुरात आमच्या भिंतीला लागूनच कापड विणायचे माग आहेत. ते सकाळी सुरू झाले की घरात आपला खोकला आपल्याला ऐकू येत नाही. मी कॉटवर बसून चिमटीनं कपात टाकल्यासारखं केलं, म्हणजे साखर. गॅसपाशी उभ्या असलेल्या तारानं दंडावर सुई टोचल्यासारखं केलं, म्हणजे डॉक्टरची मनाई. मी हात जोडले. मग तिनं ओठ आणि हात हलवत सांगितलं, "डबा लपवलाय. संगीताच्या सुजाताला धाकट्या शेठकडं घेऊन जावा. तिला कामाला लावलंसा, की डब्याची जागा सांगतो."

नव्यानं नोकरीला लागणाऱ्या पोरांसाठी चार शब्द लिहा असं आमच्या वाचनालयातल्या मंडळींनी सांगितलंय. मी सातवी नापास. अक्कल शिकवण्यापेक्षा घडलं ते सांगतो.

मी मागांच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बंद पडला की तो चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. तारा त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारं होडीसारखं लाकूड. त्याच्या पोटात सुताची जी कांडी बसते ती भरायचं काम बायकांचं. शेडमध्ये कानात ओरडलं तरी कळत नाही, म्हणून ओठ वाचायचे आणि हात हलवायचे. निम्मा संसार आम्ही असाच केला.

माणसांनाही खुणा असतात. मोठ्या शेठची खूण, नाकावर बोट, कारण चष्मा. त्यांच्या पोराची, म्हणजे धाकट्या शेठची खूण, अंगठा तोंडात. लहानपणी तो सुताच्या पोत्यावर अंगठा चोखत झोपायचा. पुढं त्याला मिशा आल्या, लग्न झालं, कारखाना नावावर झाला, तरी आमच्यात तो अंगठाच राहिला. त्याच्यासमोर उभं राहून आम्ही दोघं त्याच्याबद्दल काय काय बोललोय ते इथं लिहिता यायचं नाही.

तर त्या चहानंतर दुपारी ताराच्या छातीत दुखायला लागलं. कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. मी औषधांसाठी जिना चढ-उतर करत होतो, तिच्याजवळ सुजाता बसली होती. दुसऱ्या दिवशी तारा गेली. डब्याची जागा सांगायची राहिली.

लोक म्हणाले, रडा, मोकळं व्हा. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. दुकानात साखर मिळते हे मला ठाऊक आहे. आणली नाही. घरात डबा असताना दुसरी कशाला? डबा शोधलाही नाही. मीच शोधला असता तर तिनं सांगायचं काय राहिलं असतं?

शेवटी एक दिवस टोपी घातली आणि सुजाताला घेऊन निघालो.

सुजाता आमच्या गल्लीतल्या संगीता कांबळेची पोरगी. संगीता आणि तारा शेजारी बसून कांड्या भरायच्या, त्यामुळं पोरीला हातांची भाषा दुधाबरोबरच मिळालेली. आयटीआयला फिटरचा कोर्स केलेला. तिला जॉबर व्हायचं होतं. आमच्या भागात बाई जॉबर मी तरी बघितलेली नाही. आधी ती दोन कारखान्यांत जाऊन आली होती. दोन्हीकडं एकच उत्तर, कांडीवर ये. इथंही तेच झालं असतं तर ते सर्टिफिकेट ट्रंकेत आणि पोरगी आईच्या शेजारी.

धाकट्या शेठच्या केबिनला आता काच आणि एसी आहे. त्यानं फाइल चाळली आणि कुठंतरी शिकून आल्यासारखं विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?"

"हितंच. पगार वाढला तर."

"आणि न्हाई वाढला तर?"

"मग शेजारच्या शेडमध्ये."

मी मोठ्यानं खोकलो. शेठ माझ्याकडं वळला. "काका, पोरगी तयार हाय. पण अडचण येगळीच हाय."

"कसली?"

"शिट्टीची."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. माग बंद पडला की कामगार जॉबरला शिट्टी मारून बोलावतो. मी आयुष्यभर शिट्टीवर पळालोय. एकदा सासऱ्याबरोबर बाजारात होतो, कुणीतरी कुणाला तरी शिट्टी मारली, आणि मी सासऱ्याला भाजीच्या पिशवीसकट सोडून पळत सुटलो होतो.

"एवढं गडी दिवसभर पोरीला शिट्ट्या मारणार," शेठ म्हणाला. "बाहेर रस्त्यावर ऐकू येतंय सगळं. गावाला काय सांगू मी?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

सुजाता म्हणाली, "मारू देत की शेठ. मलाबी येती."

"तुला कशाला पायजे?"

"शेडमध्ये चला की. दावतो."

आम्ही शेडमध्ये गेलो. पोरीनं दोन बोटं जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी मारली की रांगेतला प्रत्येक गडी वळला. सूत गुंडाळलेल्या बीमच्या आडोशाला झोपलेला एकजण उठून टोपी शोधायला लागला. तेवढ्यात कडेचा माग खरंच बंद पडला. तिथल्या भैरूनं सवयीनं बोटं तोंडात घातली, समोर पोरगी बघितली, आणि लाजून बोटं काढून नुसता हात हलवला. सुजाता गेली. एक बोल्ट ढिला झाला होता, कुठल्याही जॉबरला दिसला असता. तिनं तो आवळला, माग चालू केला.

धाकटा शेठ हाताची घडी घालून माझ्या शेजारी उभा. तोंडावरची रेघही हलत नव्हती.

तिथूनच सुजातानं मला विचारलं. अंगठा तोंडात घातला, मग तळहात उताणा केला. अंगठा काय म्हणतोय?

मी ऐटीत हात हलवले. अंगठ्याला घाम फुटलाय. बापाच्या निम्मी अक्कल असली तरी घेईल.

धाकट्या शेठनं हाताची घडी सोडली. नाकावर बोट ठेवलं, म्हणजे बाप. मग डोक्यावर बोट टेकवलं आणि दुसऱ्या हातानं अर्ध्यावर कापून दाखवलं. निम्मी हाय.

सुजाताचा अंगठा तोंडातच राहिला. माग चालू होते म्हणून बरं. नाहीतर काहीतरी बोलावं लागलं असतं.

केबिनमध्ये आलो. माझी नजर फरशीवर.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तिसरीत हुतो. शाळा सुटली की ताराकाकीजवळ बसायचो. तिनंच शिकवली. तुम्ही काय बोलताय ते सगळं मला सांगायची, आणि वर म्हणायची, काकाला कळू द्यायचं न्हाई."

"मला कधी बोलली न्हाई."

"मग मजा काय राहिली असती?"

तो हसला, मीही हसलो. मग त्यानं टेबलावरची फाइल खणात ठेवली.

"पोरी," तो म्हणाला, "सोमवारपासनं ये. तीन महिने बघू. जमलं तर जॉबर, न्हाई जमलं तर तुझी फाइल तुला. पण कांडीवर बसवणार न्हाई." आणि मला, "काका, तेवढा तो अंगठा आता बंद करा. माझा पोरगा दहावीत हाय."

"मग दुसरी खूण कुठली देऊ?"

"आवरा की आता."

गेटपाशी सुजाता थांबली. शेडचा आवाज तिथंही येतो. तिनं कपात चिमूट टाकली, मग दोन बोटं गोल फिरवली, मग झाकण उघडल्यासारखं केलं. साखर. कांडी. पेटी.

मी तिला ओढत रस्त्यावर आणलं. "तुला कुणी सांगितलं?"

"ताराआज्जीनं, दवाखान्यात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क हुता, हातानंच सांगितलं. म्हणाली, तुला कामाला लावल्यावरच सांग. आधी सांगितलंस तर म्हातारा घरातनं हलायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे माग सुरू झाले. मी चहा ठेवला आणि कॉटखालची लाकडी पेटी ओढली. काम सोडताना तारानं आठवण म्हणून जुन्या रिकाम्या कांड्या आणल्या होत्या, त्या या पेटीत. त्यांच्या खाली डबा होता. झाकण घट्ट बसलेलं, उलथन्यानं उचकटलं.

आत काही नव्हतं. डबा घासून, पुसून, कोरडा करून ठेवलेला. या घरात साखर कधी संपली होती कुणास ठाऊक. बाई मला रिकाम्या डब्यावर नाचवत होती.

तर पोरांनो, कामाला जाल तिथं लोक कशानं बोलतात ते आधी शिका. समोर जो गप्प उभा आहे त्याला काही कळत नाही असं समजू नका. आणि कुणी डब्याचं आमिष दाखवलं तर आधी झाकण उघडून बघा, असं मी म्हणणार होतो. पण मी उघडून बघितलं असतं तर ती पोरगी आज कांडीवर असती. तेव्हा हे तिसरं तुमचं तुम्ही ठरवा.

चहा तसाच, बिनसाखरेचा प्यालो. डबा परत कांड्यांखाली ठेवला. मग गॅसकडं तोंड करून, मागांच्या आवाजात, दोन्ही हातांनी तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं. काय ते इथं लिहिता यायचं नाही.